चाळिशी उलटल्यावर पिंक फ्लॉइड सापडले. आता पुढे काय ऐकू?

रेवती_कराड | ४ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. संगीताच्या धाग्यांवर मी कायम वाचक. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण हे घरात कुणाशी बोलावं तेच कळेना.

आमच्याकडे गाणं म्हणजे नाट्यपदं, अभंग आणि सकाळी आकाशवाणी सांगली. आईची पेटी माझ्याकडे आहे, वेळ मिळेल तशी वाजवते. इंग्रजी गाण्यांच्या वाटेला कधी गेले नाही. वय वर्षं शेहेचाळीस.

गेल्या महिन्यात कराडहून चिपळूणला एकटीच निघाले होते. भाचा दोन दिवस राहून गेला होता, त्याचा पेनड्राइव्ह गाडीतच राहिलेला. हेळवाक सोडलं आणि काहीतरी सुरू झालं. आधी वाटलं, गाडीतूनच कसला तरी आवाज येतोय. एक लांबच लांब सूर, तंबोऱ्यासारखा पसरलेला. त्यावर गिटार आली, तिलाही कसली घाई नाही. मग सगळं थांबल्यासारखं झालं आणि चार स्वर वाजले. थोडं थांबून परत तेच चार.

मी गाडी कडेला घेतली. पाऊस होता. वायपरची खटखट मधे येत होती म्हणून तेही बंद केले. माणूस गायला लागला तेव्हा घड्याळ पाहिलं, आठ मिनिटं उलटून गेली होती. आठ मिनिटं कोणी गायलंच नाही आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

रात्री परत आल्यावर पेटी काढली. मंद्रातली काळी पाच, मधल्या सप्तकातली पांढरी चार, परत मंद्रातली पांढरी पाच आणि वर पांढरी तीन. हेच ते चार स्वर. दहा-बारा वेळा वाजवले तेव्हा आई आतून म्हणाली, "अगं, पुढचं वाजव की!" पुढचं मला येत नव्हतं.

भाच्याला फोन केला. गाणं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', बँड पिंक फ्लॉइड. तो म्हणाला, "मावशी, तू?" आणि हसत सुटला. त्याच्याकडून एवढंच कळलं.

तर विचारायचं होतं: पुढे काय ऐकू, कुठल्या क्रमाने? शब्द निम्मे कळतात, निम्मे कळत नाहीत, ते चालतं का? आणि हे गाणं नक्की कशाबद्दल आहे?

---

जुना_टेपरेकॉर्डर | ४ जुलै, रात्री १०:५०

रेवतीताई, स्वागत. घाट, पाऊस आणि ते चार स्वर! फार नशीबवान आहात. आम्हाला होस्टेलच्या ट्यूबलाइटखाली भेटले.

१९९१, सांगली, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. तेव्हा कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकानं होती. एका सीनियरने नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली. एका बाजूला 'द डार्क साइड ऑफ द मून', त्रेचाळीस मिनिटं. दुसऱ्या बाजूला 'विश यू वेअर हिअर', चव्वेचाळीस मिनिटं. पंचेचाळीसच्या बाजूत दोन्ही अल्बम असे नेमके बसतात की वाटावं, ही कॅसेट फ्लॉइडसाठीच काढलीय. एक बाजू संपली की खट्ट आवाज यायचा आणि जो जागा असेल त्याने उठून ती उलटायची. चार वर्षं ती कॅसेट अख्ख्या विंगमध्ये फिरली. शेवटी टेप चघळली गेली, तेव्हा पेन्सिल घालून गुंडाळली, एक तुकडा कापून सेलोटेपने जोडला. त्यामुळे माझ्या डोक्यात 'टाइम' हे गाणं आजही मधेच अर्धा सेकंद उडी मारतं. मूळ रेकॉर्ड ऐकताना मी त्या उडीची वाट बघतो.

आता तुमचा प्रश्न. दुसरीकडे कुठे जाऊ नका. जे ऐकलंत तोच अल्बम, 'विश यू वेअर हिअर', १९७५, सलग ऐका. पाचच ट्रॅक आहेत. तुम्ही ऐकलंत तो गाण्याचा पहिला अर्धा भाग. उरलेला अल्बमच्या शेवटी येतो, मधे तीन गाणी आहेत. म्हणजे तुमच्या आईंनी विचारलेलं "पुढचं" तिथे आहे.

आणि एक विनंती. हे गाणं कुणाबद्दल आहे ते अजून कुठेही वाचू नका. आधी अल्बम ऐका, मग मी सांगतो.

---

सोनचाफा | ४ जुलै, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली. मलाही हेच विचारायचं होतं, धाडस होत नव्हतं.

---

शंतनू_के | ४ जुलै, रात्री ११:३१

टेपरेकॉर्डर काकांशी असहमत. बँड समजून घ्यायचा तर पहिल्यापासून. १९६७चा 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन' आधी. सिड बॅरेट गातो, लिहितो, गिटार वाजवतो. मग १९६८मध्ये तो बाहेर आणि डेव्हिड गिल्मर आत. मग 'उम्मागुम्मा', 'अ‍ॅटम हार्ट मदर', 'मेडल'. १९७३पर्यंत ही माणसं चाचपडत कशी पोचली ते कळल्याशिवाय 'डार्क साइड'ची किंमत कळत नाही.

नावाचा किस्साही छान आहे. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल हे अमेरिकेतले दोन ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांचं जुनं लोकसंगीत) गायक. सिडने दोघांची नावं जोडून बँडला दिली.

---

जुना_टेपरेकॉर्डर | ४ जुलै, रात्री ११:४४

शंतनू, तुझं म्हणणं अभ्यासकासाठी बरोबर आहे. पण ताई घाटात गाडी थांबवून बसल्या होत्या. ज्या दाराने आत आल्या त्याच दाराने पुढे जाऊ देत. 'पायपर' मलाही प्रिय आहे, पण ते वेगळंच घर आहे. परीकथा, बुजगावणं, सायकल. आत्ता तिथे नेलं तर चुकल्यासारखं वाटेल.

---

ठेका_सातमात्रा | ५ जुलै, सकाळी ७:२०

तबला शिकवतो, म्हणून या धाग्यात माझा हक्काचा वाटा घेतो.

रेवतीताई, 'डार्क साइड' ऐकाल तेव्हा त्यात 'मनी' नावाचं गाणं येईल. सुरुवातीला नाणी, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याची घंटा. तेही ठेक्यात आहे. टेपचे तुकडे मोजून कापून, जोडून, त्याचं वेटोळं करून फिरवलंय. मग बास गिटार येते. हातावर मोजा: सात मात्रा. रूपक!

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात आपोआप तीं तीं ना, धीं ना, धीं ना करायला लागला आणि दोन आवर्तनांत अडखळला. रूपकात सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'ची असते, हलकी. इथे पहिलीच मात्रा दणकून येते. म्हणजे मोजणी आपली, वजन त्यांचं. हा फरक मुलांना समजवायला मी हे गाणं वर्गात लावतो. सॅक्सोफोन सातातच वाजतो आणि गिटारचा सोलो सुरू होताच गाणं चारात जातं. सातातून चारात पडताना पोटात कसं होतं ते बघा. सोलो संपला की परत सात.

तेराचौदा वर्षांची पोरं हे ऐकून घरी जातात आणि रूपक पक्का करून येतात.

---

अनवट | ५ जुलै, सकाळी ९:०२

ताई, तुमच्या पेटीवरच्या चार स्वरांबद्दल. काळी पाच, पांढरी चार, पांढरी पाच, पांढरी तीन. आता पांढरी पाच हा षड्ज, म्हणजे सा, धरा, कारण तो सुरुवातीचा पसरलेला सूर तिथलाच आहे. मग तुमचे चार स्वर होतात: कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज, शुद्ध धैवत. सगळे काफी थाटातले.

शेवटी धैवतावर आणून सोडलंय, षड्जावर नाही. म्हणून तुमच्या आईंना पुढचं हवंसं वाटलं.

---

मृद्गंध_२१ | ५ जुलै, सकाळी १०:१५

अनवट, माहिती सुंदर, पण एक काळजी वाटते. आपण जे आवडलं त्याला लगेच आपल्या थाटात बसवतो. गिल्मर ब्लूजमधून आलेला माणूस आहे. त्याच्या डोक्यात काफी नव्हता. ब्लूज ऐकल्याशिवाय ही गिटार अर्धीच कळेल असं माझं मत.

---

अनवट | ५ जुलै, सकाळी १०:४०

मान्य. तो राग आहे असं मी म्हणत नाही. ताईंच्या हाताशी पेटी आहे, म्हणून पेटीच्या भाषेत सांगितलं. ब्लूजकडे त्या जातीलच.

पण एक गोष्ट तुम्हीही मान्य कराल. गिल्मर तार आडवी खेचून सूर वर नेतो, आणि किती सावकाश नेतो! सतारीवर तार ओढून मींड घेतात तशी. स्वर जिथे पोचायचा तिथे पोचेपर्यंत आपण श्वास धरतो. ज्याने मींड ऐकलीय त्याला हे परकं वाटत नाही.

---

मृद्गंध_२१ | ५ जुलै, सकाळी १०:५२

हे मात्र मनापासून मान्य.

---

कोल्हापुरी_रांगडा | ५ जुलै, दुपारी १:३०

मी एकदा दुकानात एका अल्बमचं कव्हर बघितलं होतं. नुसती गाय. नाव नाही, बँड नाही, काही नाही. मागे वळून बघणारी काळीपांढरी गाय. तो हाच बँड का?

---

शंतनू_के | ५ जुलै, दुपारी १:४१

हाच. 'अ‍ॅटम हार्ट मदर', १९७०. गायीचं नाव लुलुबेल तिसरी.

---

कोल्हापुरी_रांगडा | ५ जुलै, दुपारी १:४४

होल्स्टिन आहे. जातिवंत. वीस लिटरला मरण नाही. मी इथूनच सुरुवात करणार, कुणी अडवू नका.

---

शून्य_डेसिबल | ५ जुलै, दुपारी ३:१०

तांत्रिक पण महत्त्वाचं: 'डार्क साइड'मधली गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत. फोनवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन गाण्यांमधली फट बंद करा, नाहीतर एक गाणं संपून दुसरं सुरू होताना फोन मधेच श्वास घेतो आणि सगळा विचका होतो. शफल तर बंद पाहिजेच. आणि साधे का होईना, हेडफोन लावा. 'टाइम'च्या सुरुवातीची घड्याळं स्पीकरवर नुसता गोंगाट वाटतात. ॲलन पार्सन्स या साउंड इंजिनिअरने घड्याळाच्या दुकानात जाऊन एकेक घड्याळ वेगळं रेकॉर्ड केलं होतं. हेडफोनमध्ये प्रत्येक घड्याळाची जागा कळते.

आवाज कमी ठेवून सुरू करा. हृदयाचे ठोके हळू येतात म्हणून आपण आवाज वाढवतो आणि मग दचकतो.

---

रेवती_कराड | ६ जुलै, रात्री ११:५८

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. भाच्याने घरी हेडफोन ठेवले होते, तेच वापरले.

काल 'विश यू वेअर हिअर' सलग ऐकला. काकांनी सांगितलं तसं काही वाचलं नाही. शेवटचा भाग आल्यावर पेटीजवळ बसून राहिले. कुणाला तरी हाक मारतायत आणि तो माणूस येत नाहीये, एवढं मला शब्दांशिवाय कळलं. ते बरोबर आहे की नाही, काका तुम्ही सांगा.

आज 'डार्क साइड'. ठेकादादा, रूपक सापडला. पहिल्या दोन वेळा माझाही हात चुकला.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. घड्याळांच्या गाण्यानंतर पियानो येतो आणि एक बाई गाते. शब्द नाहीत. आधी जोरात, जवळजवळ ओरडून, मग थकल्यासारखी, शेवटी पुटपुटल्यासारखी. मी आईला एक हेडफोन दिला. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पंधरा वर्षं गाणं शिकलीय. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "हिचं कोण गेलं?"

ही बाई कोण?

---

लंडनस्थित_शुभदा | ७ जुलै, पहाटे ३:२० (आमच्याकडे रात्रच आहे)

रेवती, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तिचं नाव क्लेअर टोरी. जानेवारी १९७३, ॲबी रोड स्टुडिओ, रविवार. पंचविशीतली मुलगी. दुसऱ्यांच्या गाण्यांवर आवाज द्यायचं काम करायची. हिला सांगितलं, शब्द नाहीत, आणि गाणं मृत्यूबद्दल आहे. पियानोचे सूर बँडमधल्या रिचर्ड राइटचे. आधी तिने नेहमीसारखं काहीतरी गाऊन पाहिलं, ते कुणाला पटलं नाही. मग तिने स्वतःला एक वाद्य समजून गायचं ठरवलं. दोनतीन वेळा गायली आणि घरी गेली. रविवारचे दुप्पट म्हणून तीस पौंड मिळाले. गाणं रेकॉर्डवर आलंय हेसुद्धा तिला नंतर कळलं.

तीस वर्षांनी, २००४मध्ये, तिने कोर्टात दावा लावला की ही चाल मीपण रचलीय. २००५मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून 'द ग्रेट गिग इन द स्काय'वर राइटच्या नावाशेजारी तिचं नाव असतं. माझ्या मते असायलाच हवं. शब्द नाहीत, आधी लिहिलेली चाल नाही. तिने जे गायलं तेच गाणं.

राइटबद्दलही बोला कुणीतरी. सगळे गिल्मर आणि रॉजर वॉटर्सवर (बँडचा बास गिटारवाला, बरेचसे शब्द त्याचे) भांडतात आणि पेटीवाल्याला विसरतात.

---

जुना_टेपरेकॉर्डर | ७ जुलै, सकाळी ६:४५

ताई, शब्दांशिवाय तुम्हाला कळलं ते अगदी बरोबर आहे. आता सांगतो. आज ७ जुलै आहे, हाच दिवस योग्य.

ज्याला हाक मारतायत तो सिड बॅरेट. केंब्रिजचा मुलगा, बँडचा पहिला गायक. पहिली गाणी त्याची, नाव त्याने दिलेलं. वर्षादीड वर्षात नशेने आणि मनाच्या आजाराने तो हातातून सुटत गेला. कार्यक्रमात एकच स्वर वाजवत उभा राहायचा, कधी वाजवायचाच नाही. १९६८च्या जानेवारीत एका कार्यक्रमाला जाताना बाकीच्यांनी त्याला घ्यायला जायचंच नाही असं ठरवलं. तेवढंच. कुणी भांडलं नाही, कुणी निरोपही घेतला नाही.

सात वर्षांनी ही मंडळी ॲबी रोडवर तुमचं ते गाणं पूर्ण करत होती. ५ जून १९७५. स्टुडिओत एक जाड माणूस येऊन बसला. डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी ओळखीचा असेल. बराच वेळ गेला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा सिड आहे. एकोणतीस वर्षांचा. वॉटर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याला उद्देशून गाणं होतं तो समोर बसून तेच गाणं ऐकत होता.

पुढे तो केंब्रिजला आईच्या घरी राहिला, चित्रं काढायचा, बाग करायचा. ७ जुलै २००६ रोजी गेला.

मला हे १९९१मध्ये माहीत नव्हतं. माहीत नसताना ऐकलं ते माझं खरं ऐकणं, म्हणून तुम्हाला थांबवलं.

---

सोनचाफा | ७ जुलै, सकाळी ७:०३

सकाळी सकाळी रडवलंत काका.

---

फौजी_घर | ७ जुलै, रात्री ९:१५

मूळ प्रश्नात एक होतं, शब्द कळले नाहीत तर चालतं का. माझं उत्तर: आधी चालतं, नंतर चालत नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका फौजी गावातला. माझ्या आत्याचे यजमान १९७१च्या लढाईत गेले. तेव्हा आतेभाऊ चार महिन्यांचा होता. भिंतीवर गणवेशातला फोटो, त्याला हार, खाली ट्रंक. त्या ट्रंकेत काय आहे ते त्याने वयाच्या विसाव्या वर्षी पाहिलं.

'द वॉल' मी कॉलेजात ऐकला तो सगळे ऐकतात म्हणून. शाळेवरचं ते गाणं सगळ्यांना पाठ असतं, मुलांनी गायलेलं. (ती मुलं लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली.) खूप वर्षांनी शब्द हातात घेऊन बसलो तेव्हा समजलं की ती सगळी भिंत एका न परतलेल्या बापापासून सुरू होते. रॉजर वॉटर्सचे वडील फेब्रुवारी १९४४मध्ये इटलीत ॲन्झिओच्या लढाईत गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा.

आतेभावाला मी ते बापाचं गाणं मराठीत सांगितलं. आम्ही त्याच्या ओसरीवर बसलो होतो. तो म्हणाला, "परत एकदा लाव." त्याला इंग्रजी येत नाही. त्या दिवशी मला वॉटर्स कळला. गिल्मरची गिटार कितीही गोड असो, सांगायचं काय ते वॉटर्सकडे होतं.

---

मृद्गंध_२१ | ७ जुलै, रात्री ९:४०

फौजी_घर, फार आतून लिहिलंय. वाचून थांबले होते.

शेवटच्या वाक्याशी मात्र मी भांडणार. 'द वॉल'मधलंच 'कम्फर्टेबली नम्ब' घ्या. शब्द वॉटर्सचे, चाल गिल्मरची. शेवटचा सोलो काढून टाका आणि नुसते शब्द वाचा. उरतं का काही? १९८५मध्ये वॉटर्स बाहेर पडल्यावर दोघांनी वेगवेगळे अल्बम काढले. एकाकडे सांगायला खूप होतं, दुसऱ्याकडे सूर. मला दोन्ही अर्धे वाटतात.

---

शंतनू_के | ७ जुलै, रात्री ९:५५

आणि राइट? 'द वॉल'च्या वेळी त्याला बँडमधून काढलं आणि कार्यक्रमांना पगारावर ठेवलं. त्या कार्यक्रमांचा खर्च इतका झाला की बाकी तिघांना तोटा झाला आणि पगारी राइट एकटाच फायद्यात राहिला!

---

लंडनस्थित_शुभदा | ८ जुलै, रात्री १२:३०

शंतनू, राइटची आठवण काढलीस, बरं वाटलं. 'इकोज' या गाण्याच्या सुरुवातीची ती टिंग, पाण्यात थेंब पडावा तशी, ती त्याचीच. पियानोचा एक स्वर, फिरत्या स्पीकरमधून काढलेला. २००८मध्ये तो गेला. गिल्मर 'इकोज' परत वाजवायला तयार होत नाही ते त्यामुळेच. दुसऱ्या कुणाबरोबर ते होणारच नाही.

जरा अवांतर. मागच्या आठवड्यात बॅटर्सी पॉवर स्टेशनला गेले होते. 'अ‍ॅनिमल्स' या अल्बमच्या कव्हरवरच्या त्या चार उंच चिमण्या (धुराडी). आता तिथे दुकानं आहेत, महागडे फ्लॅट आहेत, बाकडी आहेत. डिसेंबर १९७६मध्ये चिमण्यांमध्ये फुगवलेलं डुक्कर बांधलं होतं, ते सुटलं आणि विमानांच्या वाटेत गेलं. हीथ्रोच्या वैमानिकांना डुक्कर दिसलं! शेवटी केंटमधल्या एका शेतात उतरलं. कव्हरवर दिसतं ते आभाळ आदल्या दिवसाचं, डुक्कर त्यावर नंतर चिकटवलेलं. मी बाकड्यावर बसून सगळा अल्बम ऐकला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, काय ऐकतेस? सांगितल्यावर म्हणाले, त्या दिवशी मी पुलावरून पाहिलं होतं ते.

---

कोल्हापुरी_रांगडा | ८ जुलै, सकाळी ८:१०

गाय झाली, डुक्कर झालं. गायीचा अल्बम ऐकला बरं का! पहिली बाजू एकच गाणं, तेवीस मिनिटं, त्यात बँडवाजा आणि कोरस. लग्नाच्या वरातीत शिरल्यासारखं वाटलं आणि मग मधेच वरात कुठेतरी आकाशात गेली. दोनदा ऐकला. रात्री परत ऐकणार.

---

शंतनू_के | ८ जुलै, सकाळी ८:२२

दादा, अवघड वाटेने आलात आणि टिकलात. मानलं.

---

बीकेसी_२००७ | ८ जुलै, दुपारी ४:००

फेब्रुवारी २००७, वांद्रे-कुर्ला संकुल, एमएमआरडीए मैदान. रॉजर वॉटर्स आला होता, उत्तरार्धात सगळा 'डार्क साइड' वाजवला. मी नाशिकहून एसटीने आलो होतो, परतीची सोय न करता. माझ्या पुढे एक बाप आणि मुलगी होती. मुलगी दहा-अकरा वर्षांची, बापाच्या खांद्यावर. 'टाइम'ची घड्याळं वाजली आणि तिने दोन्ही कान झाकले, बाप मोठमोठ्याने हसत होता. पुढे बाप गायला लागला, आणि त्या मैदानातले सगळेच गात होते. पन्नाशीचे, विशीचे. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याला एकट्यालाच पाठ आहे.

रात्र कुर्ला स्टेशनवर काढली. पहिल्या गाडीने परत.

---

रेवती_कराड | २६ जुलै, रात्री १०:३५

तीन आठवड्यांनी येतेय. मधे मार्गदर्शन मिळालं तसं सगळं ऐकत होते.

शंतनू, तुझा 'पायपर'ही ऐकला. आधी हसू आलं, मग काकांनी सांगितलेलं आठवलं आणि त्या मुलाचा आवाज वेगळाच ऐकू यायला लागला. सायकलचं गाणं म्हणणारा हाच तो, असं सारखं मनात येत होतं. आता क्रमाचं भांडण मिटवा. मला शेवटापासून सुरुवातीला यायला आवडलं.

मृद्गंध, तुमचं ऐकून ब्लूज शोधला. पिंक अँडरसन ऐकला, एक गिटार आणि एक आवाज. आवडला.

फौजी_घर, 'द वॉल' अजून अर्धाच झालाय. तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून घाईने ऐकवत नाही. शब्द छापून घेतलेत.

मागच्या रविवारी भाचा आला होता. पेनड्राइव्ह परत दिला नाही, दुसरा घेऊन दिला. जेवणं झाल्यावर त्याने गिटार काढली, मी पेटी. तो शाइन ऑनचं सुरुवातीचं वाजवत होता आणि मी पांढरी पाच धरून बसले होते, नुसता भाता चालू. चार स्वर त्याने वाजवले. दुसऱ्यांदा मी वाजवले. तो थांबला, कारण धैवतावरून कुठे जायचं ते दोघांनाही नक्की येत नव्हतं. तेवढ्यात आई कोमल गंधार घेऊन खाली षड्जावर आली. गाण्यात तसं नाहीये, पण भाचा म्हणाला, "आजी, राहू दे, हेच छान आहे." मग आम्ही तेच वाजवत बसलो. पावणेबारा वाजले.

शुक्रवारी रात्री साडेनऊला 'अ‍ॅनिमल्स' पहिल्यांदा ऐकणार आहे. कुणाला त्याच वेळी आपापल्या घरी लावायचा असेल तर सांगा, नंतर इथे बोलू.

---

सोनचाफा | २६ जुलै, रात्री १०:४१

मी आहे. माझाही पहिलाच.

---

ठेका_सातमात्रा | २६ जुलै, रात्री १०:४४

साडेनऊला क्लास सुटतो. पोरांना थांबवून घेतो.

---

लंडनस्थित_शुभदा | २६ जुलै, रात्री ११:२०

तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे पाच असतील. ऑफिसातून लवकर निघून बॅटर्सीच्या बाकड्यावर पोचते.

---

कोल्हापुरी_रांगडा | २६ जुलै, रात्री ११:२६

डुक्कर दिसलं तर फोटो टाका ताई.